साखरवाल्याच्या लेकीची बिअर

थोरलीनं लीड्सहून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा आमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या जिन्याखाली पाण्याच्या मोटारीशी झटत होतो. "बाबा, काय चाललंय?" "मोटार बघूलालोय, बोल." "डब्यावर एक किलो साखर घाला म्हणून लिहिलंय. घालू काय?"

कसला डबा, म्हटलं. तिनं कॅमेरा फिरवला. ओट्यावर १.७ किलोचा पत्र्याचा डबा, शेजारी झाकणाचं पांढरं प्लास्टिकचं पिंप, आणि मागं जावई, नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखे हसत. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी स्वतःलाच बिअरचं किट भेट दिलं होतं. डब्यात हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) घालून आटवलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क, झाकणाखाली यीस्टची पुडी. अर्क पिंपात ओता, साखर घाला, २३ लिटरपर्यंत पाणी भरा, यीस्ट भुरभुरा, झाकण लावा. संपलं.

"घाल की," मी म्हणालो. सदतीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? आणि ही मागनं स्वयंपाकघरातून ओरडली, "उबेत ठेव म्हणावं! थंडीत पीठ फुगत नाही." थोरलीनं आईचंही ऐकलं आणि पिंप गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात सरकवलं.

तीन आठवड्यांनी जी बिअर तयार झाली तिचं वर्णन जावयांनी एका वाक्यात केलं: "बाबा, केळ्याला नेलपॉलिश लावल्यासारखं लागतंय."

पुढं लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर गल्लीतले चार जण उद्या पिंप घेऊन दारात उभे राहतील. हे सगळं इंग्लंडात चाललंय. तिथं घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही; १९६३ च्या एप्रिलमधल्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी ती अट काढून टाकली. विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९६५ चा कर्नाटक अबकारी कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय असलं काही करायची सोय नाही. माझी सगळी नोकरी अबकारीच्या कुलपाशेजारी गेली, त्यामुळं ते कुलूप मला झोपेतही दिसतं. मी इथं बसून फक्त तोंड चालवतो, हात थोरलीचे.

तर केळं आणि नेलपॉलिश. हा वास मी ओळखतो.

आमच्याकडं मळी आंबवायची, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. टाकीत मळी आणि पाणी, वर यीस्ट, आणि तीस-छत्तीस तासांत काम फत्ते. तापमान ३२-३३ अंश चालायचं, ३५ च्या वर जाऊ लागलं की थंड पाण्याचा पुरवठा वाढवायचा. इतक्या उष्णतेत यीस्ट घाईनं काम करतं आणि घाईत नको ते पण बनवतं: जड अल्कोहोलं, आणि केळ्याचा, नेलपॉलिशचा वास देणारी एस्टरं. जड अल्कोहोलांच्या त्या तेलकट, डोकं धरणाऱ्या मिश्रणाला आम्ही फ्युजेल ऑइल म्हणायचो. पण आमचं काय बिघडत होतं? पुढं ऊर्ध्वपातनाचे उंच स्तंभ होते, उकळून वाफा वेगळ्या करणारे. ऊर्ध्वपातनात फ्युजेल ऑइल बाजूला काढायचं, वरचा हलका भाग वेगळा काढायचा, आणि मधला स्वच्छ स्पिरिट घ्यायचा. आंबवताना केलेली घाण पुढं धुऊन निघते, या भरवशावर आमचा अख्खा धंदा.

बिअरला स्तंभ नाही. पिंपात जे झालं ते सगळं ग्लासात येतं. एवढी साधी गोष्ट मला सुचायला तीन आठवडे लागले, कारण डोकं डिस्टिलरीतच अडकलेलं.

मी थोरलीला कपाटातलं तापमान मोजायला लावलं. २७ अंश. त्यात आंबताना यीस्ट स्वतःची उष्णता सोडतं, म्हणजे पिंपाच्या आत तीस सहज असणार. हिला सांगितलं, "तुझ्या उबेनं घात केला." ही म्हणाली, "मी पिठाचं बोलत होते. तुम्ही केमिस्ट ना? तेव्हा गप्प का बसलात?" यावर उत्तर नव्हतं.

दुसऱ्या वेळी पिंप जिन्याखालच्या बोळकांडीत गेलं. तिथं १८ अंश. जावयांनी पिंपाला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी आणली आणि पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वाचून मला आकडा पाठवला. पहिले तीन दिवस महत्त्वाचे. यीस्ट वाढत असतं तेव्हाच तो नको असलेला वास तयार होतो. शेवटी दोन-चार अंश वाढलं तर बिघडत नाही, उलट लोण्यासारखा एक चिकट वास आधी आलेला असतो, तो यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. आमचा एक कन्नड ऑपरेटर होता, गोकाककडचा. व्हॉल्व्ह फिरवायला मी घाई केली की म्हणायचा, "निधान री सर, निधान." सावकाश. बिअरच्या पिंपावर लिहून लावावा असा शब्द. थोरलीनं खरंच लिहून लावला, मराठी अक्षरात.

आता साखर. इथं मला जरा रेंगाळू द्या, कारण हा माझ्या जातीचा विषय.

डब्यावर एक किलो साखर का लिहितात? स्वस्त पडते म्हणून. दुकानात तेवढ्या किमतीत किट उचललं जातं आणि अल्कोहोलही भरतं. पण साखर म्हणजे शुद्ध सुक्रोज. यीस्ट ती पुरती खाऊन टाकतं, मागं काही ठेवत नाही. ना अंग, ना चव. बिअर पाण्यासारखी पातळ होते. शिवाय यीस्टला नुसता गोडवा पुरत नाही, नत्र लागतो. मळीत आम्ही युरिया आणि डीएपी टाकायचो तो त्यासाठीच. शेतातल्या उसाला घालतात तेच खत, टाकीतल्या यीस्टला. माल्टमध्ये नत्र उपजत असतो. त्यात किलोभर साखर ढोसली की भाकरी तेवढीच आणि पंगतीला माणसं दुप्पट.

म्हणून दुसऱ्या वेळी मी सांगितलं: साखर शून्य. तिच्या जागी एक किलो सुका माल्ट अर्क, पावडर मिळते. दुधाच्या पावडरीसारखी दिसते आणि वाफ लागली की हाताला, चमच्याला, जावयांच्या चष्म्याला चिकटते. फोनवर पलीकडं थोडा वेळ शांतता. मग थोरली म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगताय साखर घालू नको म्हणून?" मी म्हटलं, होय. पेन्शन बंद झाली तरी चालेल.

माल्ट म्हणजे काय हे तिला समजावताना हिचीच मदत झाली. नाचणीचं सत्व करताना आपण काय करतो? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. मोड येताना दाण्यातला पिठूळपणा गोडाकडं झुकतो. तेच जवाचं केलं की माल्ट. खानापूरकडं हिच्या माहेरी मोडाची नाचणी अंगणात वाळत पडायची; लेकीला लहानपणी चमच्यानं भरवलेलं सत्वच आता पिंपात चाललंय असं ही म्हणाली, आणि तोंड वाकडं केलं.

साखरेऐवजी माल्ट घातला की आरंभीची घनता (पाणी म्हणजे १.०००) जवळजवळ तीच भरते, १.०३९ च्या आसपास. फरक शेवटी पडतो. साखरेचं पिंप १.००६ पर्यंत उतरलं होतं, माल्टचं १.०१० वर थांबलं. मधले चार अंक म्हणजे जिभेवरचं अंग. जावयांनी लगेच हिशेब मांडला की अल्कोहोल ४.३ टक्क्यांवरून ३.८ वर आलं. तोटा झाला म्हणे! मग मी म्हटलं, पाणी कमी घाला. २३ लिटर भरलंच पाहिजे असा कुणाचा हुकूम आहे? २० लिटरवर थांबा. घनता १.०४४, आमच्या भाषेत ११ ब्रिक्सच्या, म्हणजे शंभर भागांत अकरा भाग साखरेच्या जवळपास. अल्कोहोल परत ४.३, आणि चव तीन लिटर पाण्यानं कमी मारलेली. दूधवाल्याला जे आपण आयुष्यभर ऐकवतो तेच.

पाण्यावरून आठवलं. दुसऱ्या बॅचमध्ये केळं गेलं, पण मागं एक दवाखान्याचा वास राहिला. अगदी पुसट. थोरली म्हणाली, जखम पुसलेल्या कापसासारखा. यावर मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलवर्गीय पदार्थांना भेटला की क्लोरोफिनॉल बनतात आणि ते जिभेला अब्जात काही भाग असले तरी कळतात. डेटॉलमधला क्लोरोझायलेनॉल त्याच खानदानातला. आमच्याकडं राकसकोप तलावाचं पाणी येतं त्यालाही कधी कधी क्लोरीन जास्त झाला की सकाळचा चहा नाकाशी नेववत नाही. घागरीत रात्रभर ठेवलं की उडून जातो. पण बऱ्याच ठिकाणी आता क्लोरामाइन वापरतात, तो असा उडत नाही, उकळूनही लवकर हटत नाही.

उपाय हास्यास्पद सोपा. कॅम्पडेनची गोळी मिळते, म्हणजे मेटाबायसल्फाइट. पिंपभर पाण्याला अर्धी गोळी चुरडून टाकायची, ढवळायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही गारद. गंधकाचंच लेकरू ते. कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला आम्ही गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडायचो, सल्फिटेशन म्हणतात. त्या विभागातनं जाताना खोकला आला नाही असा माणूस मी पाहिला नाही. तोच गंधक अर्ध्या गोळीच्या रूपानं लेकीच्या पिंपात कामाला आला.

यीस्टच्या पुडीबद्दल फार बोलत नाही. झाकणाखाली चिकटवलेली पाच-सहा ग्रॅमची पुडी गोदामात, जहाजात, दुकानात किती उन्हाळे काढून आलेली असते कोण जाणे. शिळ्या विरजणानं दही लावू नये. ११ ग्रॅमची ताजी पुडी वेगळी घ्यावी, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवावी, मग ओतावी. डब्यावरची तारीखही बघावी. जुना अर्क काळपट होतो आणि त्याला एक ओशट, शिळी चव येते, अगदी मागच्या सालचा गूळ काळा पडतो तसा. कारण पण तेच, साखर आणि अमिनो आम्लं सावकाश एकमेकांना रंगवत बसतात. रंगावरून गूळ ओळखणाऱ्या गावच्या पोरीला हे सांगावं लागू नये.

गुळाचं नाव निघालंच आहे तर कबूल करतो. तिसऱ्या बॅचला थोरलीनं हट्ट धरला: आपल्याकडचा गूळ घालणार. मी नको म्हटलं नाही. संकेश्वरकडच्या एका गुऱ्हाळाचा गूळ आम्हीच पार्सलनं धाडलेला, गडद, रंग उजळवायची हायड्रॉस पावडर न मारलेला. पाव किलो घातला. तिला वाटलं होतं बिअर गुळचट लागेल. गोडवा कुठला उरतोय? गुळातली साखरही साखरच, यीस्टनं चाटून पुसून साफ केली. उरलं ते उसाच्या क्षारांचं किंचित खारटपण आणि काकवी करपल्याचा वास. जावयांना आवडली. मला फोटोवरून मत देता येत नाही, पण पुन्हा गूळ पाठवायचा झाला तर तो पोळीबरोबर खायला पाठवीन.

खरा रंग आणि जाडपणा आला तो अख्ख्या दाण्यातून. क्रिस्टल माल्ट म्हणून मिळतो, ओला असतानाच गरम करून दाण्याच्या आत साखर कॅरॅमल केलेला. फोडला की आत काकवीच्या वडीसारखा चमकतो. २५० ग्रॅम, जाडसर भरडलेला, फडक्यात सैल बांधून तीन लिटर पाण्यात अर्धा तास. पाणी ६८-७० अंश. उकळायचं नाही! टरफलाचा तुरटपणा उतरतो, खदखदा उकळलेल्या चहासारखा. अर्ध्या तासानं पुरचुंडी उचलायची, पिळायची नाही, आणि ते तांबूस पाणी मात्र दहा-पंधरा मिनिटं उकळून मग पिंपात. एवढ्या कामाला पाऊण तास जातो. थोरली म्हणते, डब्याची बिअर आणि आपली बिअर यात फरक पडतो तो या पाऊण तासानं. मी म्हणतो तापमानानं. आमचं यावर जमत नाही.

हॉप्सचं मला मुळीच कळत नव्हतं. मळीला कुठले हॉप्स? डब्यातल्या अर्कात कडूपणा असतो पण वास उडून गेलेला असतो, कारण तो आटवलेला. यावर हिनं अगदी सहज सांगितलं, "चहात आलं आधी घालतात, वेलदोडा शेवटी." झालं. यीस्टचा जोर ओसरल्यावर, बाटल्या भरायच्या तीन-चार दिवस आधी, ५० ग्रॅम हॉप्स थेट पिंपात. ईस्ट केंट गोल्डिंग्ज नावाचे, जुन्या इंग्रजी जातीचे. झाकण उघडल्यावर म्हणे ओल्या गवताचा आणि मधाचा वास आला. फोनवरून वास येत नाही हे किती बरं आणि किती वाईट.

एका बाबतीत जावयांवर रागावलो. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून त्यांनी पहिल्या बॅचच्या बाटल्या भरून टाकल्या होत्या. रात्री दोन वाजता कपाटात बार झाला. नात रडायला लागली, खाली काच आणि फेस. बुडबुडे हा पुरावा नव्हे. घनता मोजायच्या हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस जागचा हलला नाही तरच आंबणं संपलं. आता ते दोन आठवडे पिंपाला हात लावत नाहीत. आणि भरताना नळीचं टोक बाटलीच्या बुडाशी. वरून धार सोडून खळखळाट केला की हवा मिसळते आणि महिन्याभरात भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. हवा द्यायची ती एकदाच, अगदी सुरुवातीला, यीस्ट टाकताना. आम्हीसुद्धा यीस्ट वाढवायच्या छोट्या टाकीतच हवा सोडायचो, मोठीत नाही.

साखरेला अखेर जागा मिळाली ती इथं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीन ग्रॅम, फेस धरण्यापुरती. पिंपभर बिअरला सव्वाशे ग्रॅम. ज्या कारखान्यात दिवसाला हजारो पोती निघायची तिथल्या माणसाला हे ऐकून कसं वाटलं असेल!

जुलैत थोरली नातीला घेऊन आली. सांबऱ्याला विमान उतरलं तेव्हा धो धो पाऊस. बॅगेत, नातीच्या स्वेटरांत गुंडाळलेल्या, अर्ध्या लिटरच्या चार तपकिरी बाटल्या. माणशी दोन लिटर आणू देतात, त्यावर थेंब नाही. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. गुऱ्हाळावर काहिलीतल्या एका खेपेला आधण म्हणतात हे तिला मी कधीतरी सांगितलं होतं. चिठ्ठीवर "आधण ५" आणि तारीख.

गोकाकच्या ऑपरेटरला मुद्दाम बोलावलं. दोन दिवस बाटल्या उभ्या ठेवल्या, गाळ बसू दिला, आणि मग गच्चीच्या पत्र्याखाली बसून पहिली उघडली. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच राहू दिलं. तांबूस रंग, फेस पातळ पण टिकणारा. केळं नाही, दवाखाना नाही. भाजलेल्या बिस्किटासारखी चव आधी, कडूपणा मागाहून, सावकाश. ऑपरेटर बराच वेळ काही बोलला नाही. मग ग्लास दिव्याकडं धरून कन्नडमध्ये म्हणाला त्याचा अर्थ असा, की आपण चाळीस वर्षं इतकं आंबवलं सर, त्यातलं पिण्यासारखं काहीच का केलं नाही?

हिनं एक घोट घेतला. "आंबील बरी," म्हणाली. पण ग्लास खाली ठेवला नाही हे मी पाहिलं.

दुसरी आणि तिसरी त्याच आठवड्यात गेली. चौथी अजून आहे, फ्रीजमध्ये, आंबोळीच्या पिठामागं. यंदा पावसानं पीठच फुगत नाही म्हणून ही सकाळी भांडं फ्रीजच्या मागच्या बाजूला, जिथं गरम लागतं तिथं, नेऊन ठेवते आणि माझ्याकडं बघते. गणपती यायच्या आत ती बाटली घरातून गेली पाहिजे असं फर्मान निघालंय. ऑपरेटरला फोन केलाय. शनिवारी येतो म्हणाला.